फूटरच्या यादीतली सातवी ओळ

ठिकाण: टॅलिंगा पोलीस ठाणे, क्वीन्सलँड
दिनांक: ५ मार्च २०२६, गुरुवार. वेळ: सकाळी १०.१५

नाव: ग्लेनिस मार्गारेट पॅस्को
वय: ५६ वर्षे
धंदा: नोकरी, टॅलिंगा शायर परिषद, संगणक विभाग
राहणार: ९, फेरियर स्ट्रीट, टॅलिंगा

मी वर लिहिलेल्या नाव-पत्त्याची असून आज आपणहून ठाण्यात हजर राहून सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही. सीनियर कॉन्स्टेबल नेरिडा फॉक यांनी आधी वकिलाशी बोलायचे आहे का, असे मला दोनदा विचारले. दोन्ही वेळा मी नको म्हणाले.

परिषदेच्या संगणक विभागात मी एकोणीस वर्षे काम करते. विभागात मी एकटीच आहे. परिषदेतून बाहेर जाणारा प्रत्येक मेल मी सांभाळते त्या सर्व्हरवरून जातो. बाहेर पडताना त्याच्या तळाशी परिषदेचा ठरलेला मजकूर आपोआप जोडला जातो. त्याला आम्ही फूटर म्हणतो. तो जोडणारा प्रोग्राम २०१४ साली मी लिहिला. मेल लिहिणाऱ्याला फूटर दिसत नाही. त्याने पाठवल्यावर वाटेत सर्व्हर तो जोडतो, आणि लिहिणाऱ्याकडे राहणारी प्रत फूटरशिवायच राहते. हे पुढे लागेल म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

सुरुवातीला फूटर दोन ओळींचा होता. परिषदेचे नाव आणि फोन. गेल्या वर्षी जानेवारीत श्री. स्टुअर्ट लॉकियर मुख्याधिकारी म्हणून आले. त्यानंतर मजकूर गोपनीय असल्याची सूचना आली. मग छापण्यापूर्वी झाडांचा विचार करा, हे आले. मग परिषदेचे ध्येय आले, ते पुढे दोनदा बदलले. या फेब्रुवारीत फूटर एकोणीस ओळींचा होता. शेवटची ओळ 'मध महोत्सवाला सहकुटुंब या!' अशी होती. कोणी एका शब्दात 'हो' असे उत्तर दिले, तरी त्याखाली एकोणीस ओळी जात.

कुठल्या मेलना फूटर लावायचा नाही, याची एक यादी प्रोग्राममध्ये होती. तिच्यात सात ओळी होत्या. पहिल्या सहा माझ्या मनाने घातलेल्या होत्या. शोकपत्रे, अनाथ मुलांच्या खात्याशी पत्रव्यवहार, अशा. सातवी ओळ पुराच्या इशाऱ्याची होती.

इशाऱ्याची पद्धत अशी. टॅलिंगा क्रीक या ओढ्याचे पाणी वरच्या पुलाजवळ चार मीटरवर गेले की आपत्ती अधिकारी श्री. नोएल बुखोल्झ एक मेल पाठवतात. तो निरोप पोचवणाऱ्या कंपनीकडे जातो आणि तिथले यंत्र ओढ्याकाठच्या खालच्या पट्टीतल्या एकसष्ट फोनवर तो पाठवते. मेलच्या अगदी शेवटच्या ओळीत संकेतशब्द असावा लागतो. त्याखाली काहीही असले तर यंत्र मेल परत पाठवते. म्हणून सातवी ओळ होती. ती मी २०१७ साली घातली. का घातली, हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हते. नोएल यांनाही नाही.

गुरुवार, २६ फेब्रुवारी रोजी दुपारी ३ वाजता खातेप्रमुखांची बैठक झाली. हजर नऊजण. श्री. लॉकियर यांनी एक शोकपत्र छापून आणले होते. ते वर धरून ते म्हणाले, "ग्लेनिस, याच्याखाली फूटर का नाही?"

मी म्हणाले, "त्यात 'सहकुटुंब या' असं लिहिलंय. त्या घरात आता एकच माणूस उरलंय."

ते म्हणाले, "फूटर ही परिषदेची ओळख आहे. कोणाला दाखवायची आणि कोणाला नाही, हे तू ठरवणार का? अपवाद एकही नको."

"यादी एकदा वाचून तरी बघा."

"मी यादी वाचत बसू? मग तुला कशाला ठेवलंय?" इतरांकडे बघून ते पुढे म्हणाले, "एकोणीस वर्षं एकाच खोलीत बसलं की माणसाला खोली आपल्या नावावर आहे असं वाटायला लागतं."

बाकीचे हसले. नोएल हसले नाहीत. ते बिस्किटाच्या डब्याकडे बघत होते.

दुपारी ४.१० वाजता मला लेखी आदेश आला. 'यादीतील सर्व अपवाद आजच काढावेत.' त्याखाली एकोणीस ओळींचा फूटर होता. त्या आदेशाची छापील प्रत मी सोबत दिली आहे.

४.४० वाजता मी यादीतल्या सातही ओळी काढल्या. सहा काढून सातवी ठेवली असती तर कोणाला कळले नसते. श्री. लॉकियर यांची खोली माझ्यापासून चौथी आहे. दार उघडे होते. जाऊन सांगता आले असते. मी सांगितले नाही.

कारण विचारल्यावरून सांगते. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला इशाऱ्याची चाचणी होते. पुढची चाचणी ३ मार्चला होती. तिला नगरसेवकही येणार होते. चाचणीचा मेल परत येईल, सगळ्यांसमोर श्री. लॉकियर मला 'असं का झालं?' असे विचारतील आणि मी त्यांच्यासमोर त्यांचाच आदेश ठेवीन, असे मी ठरवले होते. काय बोलायचे ते मी शुक्रवारी घरी आरशासमोर बोलूनही पाहिले. मधल्या चार दिवसांत पाऊस पडेल हा विचार माझ्या मनात आला होता. अंदाज पाहिला, त्यात तुरळक सरी असे होते. तेवढ्यावर मी समाधान मानले.

रविवार, १ मार्च रोजी सकाळी अकरापासून वरच्या डोंगरात पाऊस सुरू झाला. गावात तेवढा नव्हता. नोएल यांनी दुपारी २.०५ वाजता घरून इशारा पाठवला आणि ते लगेच पूल बंद करायला गेले. इशारा २.०६ ला परत आला. परतीची सूचना पाठवणाऱ्याला जात नाही, फक्त मला येते. मी बहिणीकडे जेवायला गेले होते, फोन पर्समध्ये होता. २.३१ ला मी तो पाहिला. त्यात लिहिले होते, 'शेवटच्या ओळीत संकेतशब्द नाही. निरोप पाठवलेला नाही. आढळलेली ओळ: मध महोत्सवाला सहकुटुंब या!'

मी नोएल यांना फोन केला. लागला नाही. बहिणीच्या घरापासून कार्यालय तीन मिनिटांवर आहे. मी तिथे गेले. सातवी ओळ परत घालण्याऐवजी मी सबंध फूटरच बंद केला, कारण ते लवकर होत होते. मग इशारा नव्याने पाठवला. २.५२ ला तो एकसष्ट फोनवर गेला. सत्तेचाळीस मिनिटे उशीर झाला. तिथून मी गाडीने खालच्या पट्टीत गेले. वाटेत सामान भरलेल्या गाड्या समोरून येत होत्या. मी त्या मोजत होते.

३.१० वाजता मी फरशी पुलापाशी पोचले. पूल पाण्याखाली होता. पलीकडे साधारण चाळीस मीटरवर श्री. वॉल्टर टिंकनेल, वय ७९, आपल्या ट्रकच्या हौद्यात उभे होते. त्यांना सगळे वॉली म्हणतात. त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या क्रीकच्या काठाला असतात. हौद्यात बारा-पंधरा पेट्या होत्या. पाणी चाकांच्या वर होते.

मी ओरडून विचारले, "वॉली, वेळेवर का नाही निघालात?"

"फोनची वाट बघत होतो! वाजला नाही, म्हटलं अजून वेळ आहे, पेट्या वर घेऊ! वाजला तेव्हा रस्ता गेलेला!"

"बोट मागवते!"

"मागव! पण तू मागे हो पोरी, तुझे बूट भिजतायत!"

३.१२ ला मी आणीबाणीच्या नंबरवर फोन केला. बोट वृद्धाश्रमाकडे गेली होती. फोनवरच्या बाईंनी अर्धा तास सांगितला. मी वॉली यांना 'दहा मिनिटं' असे सांगितले.

त्यानंतर फोन का वाजला नाही, ते मी त्यांना सांगितले. यादी, बैठक, सगळे. पाण्याचा आवाज मोठा होता. त्यांना ऐकू गेले की नाही, हे मला सांगता येणार नाही. त्यांनी कानाला हात लावला आणि मग तोच हात हलवला.

३.४० पर्यंत ट्रक जागेवर होता. ४.०५ ला बोट आली. मधल्या वेळात मी तिथेच उभी होते.

सोमवारी सकाळी ७.२० ला वॉली दोन किलोमीटर खाली सापडले, हे पोलिसांना ठाऊकच आहे.

त्याच दिवशी ११ वाजता श्री. लॉकियर यांनी मला खोलीत बोलावून दार लावले. ते म्हणाले, "मी तांत्रिक बिघाड म्हणून कळवलंय. तुला काही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. बरोबर?"

"तुमचा लेखी आदेश आहे."

"तेच तर. आदेश माझा, म्हणून तुझ्यावर काही येत नाही. आणि कुठल्या ओळीत काय आहे हे मला कुठे माहीत होतं? म्हणून माझ्यावरही येत नाही."

"मग कोणावर येतं?"

ते म्हणाले, "नोएल दमलाय. एकतीस वर्षं झाली त्याला. माणसाकडून एखादं अक्षर चुकतं." मग ते म्हणाले, "जा, चहा पी जरा. तोंड बघ कसं झालंय."

मी चहा प्यायले.

मंगळवारची चाचणी रद्द झाली होती. त्या दिवशी नोएल माझ्या खोलीत आले. इशारा त्यांच्या चुकीने गेला नाही असे गावात पसरले होते, बेकरीत त्यांच्याशी कोणी बोलले नव्हते. ते म्हणाले, "ग्लेनिस, माझा तो मेल एकदा बघून सांगशील? संकेतशब्द मीच चुकवला असणार. पाणी भराभर चढत होतं, मी घाईत होतो. मी चारदा वाचला, मला बरोबर दिसतोय. पण बरोबर असता तर गेला असता ना."

मी म्हणाले, "बघते."

ते म्हणाले, "वॉलीच्या मुलीला काय सांगू तेवढं कळव. ती शुक्रवारी येतेय."

त्यांचा मेल मी रविवारीच पाहिला होता. तो अक्षर न् अक्षर बरोबर होता. हे मी त्यांना मंगळवारी सांगितले नाही. बुधवारी त्यांनी राजीनामा दिल्याचे मला टपाल सांभाळणाऱ्या बाईंकडून कळले. त्यांच्या मेलची प्रत आणि परत आलेल्या मेलची प्रत, अशा दोन्ही मी सोबत दिल्या आहेत. श्री. नोएल बुखोल्झ यांच्याकडून कोणतीही चूक झालेली नाही, हे वेगळे आणि ठळक लिहावे, अशी माझी विनंती आहे.

फूटर रविवारपासून बंदच आहे. आजपर्यंत ते कोणाच्याही लक्षात आलेले नाही.

श्री. लॉकियर यांना आणखी काही दोष द्यायचा आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, त्यांनी जे केले ते आदेशात लिहिलेले आहे. मी जे केले ते कुठेच लिहिलेले नव्हते, म्हणून मी आले.

हा जबाब सीनियर कॉन्स्टेबल फॉक यांनी संगणकावर उतरवून मला सावकाश वाचून दाखवला. त्यात २६ फेब्रुवारीच्या मजकुरात 'मी यादीतल्या सातही ओळी अनवधानाने काढल्या' असे वाक्य होते. 'अनवधानाने' हा शब्द मी सांगितलेला नव्हता. तसे मी त्यांना म्हणाले. मग, "ग्लेनिस, राहू दे ना तो," असे त्या म्हणाल्या. मी नको म्हणाले. तो शब्द माझ्यासमोर काढण्यात आला. आता हा मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही: ग्लेनिस एम. पॅस्को
समक्ष: एन. फॉक, सीनियर कॉन्स्टेबल
वेळ: दुपारी १२.५०