गैरहजराचं पाणी

आमदार लोक सुट्ट्या फार घेतात का, हे मला तुम्ही विचारू नका. मी स्वतः एक सभा चुकवली आणि घागर उचलत बसलो.

अहेरीपलीकडच्या एका जंगलातल्या गावात मी मास्तर होतो. तिथला नियम असा, की जो ग्रामसभा चुकवेल त्यानं पुढच्या सभेत सगळ्यांसाठी पाणी भरायचं. बांबू कधी तोडायचा यावर सभा दोन दिवस चालली, आणि मी बाजाराला गेलेलो. त्यामुळे पुढच्या सभेला घागर माझ्याकडे.

नेमके त्या दिवशी आमदार आले. "मास्तर, तुम्ही काऊन पाणी भरून राह्यले?"

मी नियम सांगितला.

"वा. असाच नियम पाह्यजे," म्हणत त्यांनी माझ्या हातून गिलास घेतला.

समोर बसलेल्या म्हाताऱ्या सोमीबाईला वेगळाच प्रश्न पडला होता. "भाऊ, नागपूरले तुमची सभा चालू हाय नं? मंग तुमी इथी कसे?"

"संपली, बाई. आता मार्चमध्ये, मुंबईले."

"सारे कायदे झाले?"

"काही राह्यले. शेवटी शेवटी बसायलेच कोणी नव्हतं. अर्ध्या खुर्च्या खाली."

बाई अगदी मनापासून म्हणाली, "एवढे लोक पाणी भरत असतीन, तर तिकडं पाण्याची तंगी कधीच पडत नसन."

आमदारांचा गिलास अर्धाच राहिला.