वांग्यावरचं घरटं आणि पहिलं बक्षीस

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, मग कथेत शिरू. आपण देवळात येतो, मूर्ती डोळे भरून पाहतो. पण पाहणारा आणि पाळतीवर बसलेला, या दोघांत फरक काय हो? डोळे तर दोघांचेही उघडेच! उत्तर येत नाही ना? मग ऐका.

चिपळुणात दामोदर खातू नावाचे निवृत्त पोस्टमास्तर राहत. माणूस सज्जन. उभी हयात दुसऱ्यांची पत्रं हाताळली, एकही उघडून पाहिलं नाही. निवृत्तीनंतर त्यांनी परसात कण्यांची थाळी टांगली, पाण्याचं पसरट भांडं ठेवलं. चिमण्या आल्या, मुनिया आल्या, बुलबुल आंघोळीला आले. मास्तर हरखून गेले. इथवर सगळं पुण्य बरं का! मग परगावच्या मुलाने कॅमेरा पाठवला. हातभर लांब नळीचा.

झालं! उजाडल्यापासून मास्तर मोरीच्या खिडकीत. बायकोला, म्हणजे इंदूकाकूंना, भांडी घासायची तर परवानगी काढावी लागे. परसात धुणं वाळत घालायचं नाही, साडीच्या रंगाला पाखरं बिचकतात म्हणे. इंदूकाकूंनी धुणं पुढच्या अंगणात नेलं. इकडे मास्तरांचे फोटो गावातल्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर जाऊ लागले, वाहवा होऊ लागली. हळूहळू मास्तर पाखरू पाहीनात. पाखराच्या फोटोला कोण काय म्हणालं, तेवढंच पाहू लागले. हसताय? हसा, हसा.

एक दिवस शिंपी पक्ष्याच्या जोडीने काकूंच्या वांग्याच्या झाडावर घर केलं. अंगठ्याएवढं पाखरू, पण चोचीने पानाच्या कडा शिवून त्याची झोळी करतं, आत कापूस भरतं, आणि वर दुसऱ्या पानाचं छप्पर. काकूंनी त्या झाडाची वांगी तोडणं सोडलं. झाडावरच पिकून पिवळी झाली बिचारी. पिल्लं निघाली, तीन.

त्याच आठवड्यात पक्षीमित्र मंडळाची फोटोंची स्पर्धा. विषय, ‘पाखरांची माया’. आणि वरच्या पानाची सावली नेमकी पिल्लांवर! मास्तरांनी शिवणाची कात्री मागितली. काकूंना कळलं कशाला ते.

“अहो, ते त्यांचं छप्पर आहे,” त्या म्हणाल्या.

“एकच पान गं. झाडाला काय पानांचा तोटा आहे?”

कापलं. फोटो असा आला की बघत राहावं. तीन उघड्या चोची, आणि आई अळी भरवतेय. मास्तरांनी तासाभरात पाठवूनही दिला.

दुसऱ्या दुपारी काकू पाणी घालायला गेल्या, तर शिवलेलं पान फाटून लोंबत होतं, आणि कुंपणावर भारद्वाज चोच पुसत बसला होता. होय मंडळी, ज्याचं दर्शन झालं की आपण दिवस शुभ म्हणतो, तोच! त्याला काय दोष? दार मास्तरांनी उघडलं, तो आत गेला. ती जोडी दोन दिवस त्या झाडाभोवती ओरडत फिरत राहिली. मास्तरांनी खिडकी लावून घेतली. आवाज काय, फटीतूनही येतो.

आणि पहिलं बक्षीस कुणाला? त्याच फोटोला!

मास्तरांनी काकूंना समारंभाला चला म्हटलं. त्या म्हणाल्या, “मी नाही येत. तिथे टाळ्या वाजवाव्या लागतील.”

मास्तर एकटे गेले. शाल अंगावर पडायच्या आत त्यांनी माइक घेतला. “फोटो नीट यावा म्हणून मी घरट्यावरचं पान कापलं. दुसऱ्या दिवशी तिन्ही पिल्लं गेली. मला हे बक्षीस नको.”

मग अध्यक्ष उठले. म्हणाले, पाखरांसाठी असा हळवा होणारा माणूस आजच्या काळात दुर्मीळ आहे. टाळ्यांचा कडकडाट! शाल पडली ती पडलीच. मास्तर पायऱ्या उतरत होते, तर एक गृहस्थ कानाशी लागले, “मास्तर, पान साधारण किती कापावं लागतं हो?”

घरी येऊन मास्तरांनी सगळं सांगितलं. काकूंनी शाल घडी करून ठेवली. म्हणाल्या, खरं बोललात, तेवढंच तुमच्या हातात होतं.

श्रावणात शेजारच्या हळदीत पुन्हा शिंप्याचा आवाज आला. मास्तर उठले, कुंपणापर्यंत गेले. हळदीचं एक पान बाजूला केलं की सगळं दिसणार होतं. हात पुढे गेला, आणि मागे आला. ते परत येऊन पायरीवर बसले आणि दिवेलागणीपर्यंत नुसता आवाज ऐकत राहिले.

आता तुमच्याकडे वळतो. पान कापलं म्हटल्यावर पुढच्या रांगेतले दादा ‘अरेरे’ म्हणाले. मनापासून म्हणाले. फक्त हातातला मोबाइल खाली आला नाही! असो, मास्तरांना हसणं सोपं आहे. नैवेद्याच्या वेळी गाभाऱ्याचा पडदा ओढतात, कारण देवालाही सुखाने दोन घास खाऊ द्यावेत. आपण काय करतो? मान वाकडी करून फटीतून बघतो, आणि त्याला भक्ती म्हणतो.

पेटीवाले, सूर धरा. पुजारीबुवा पडदा ओढताहेत. बघू, आज किती माना सरळ राहतात.