कार्बाइन, रायफल आणि कुरणातलं घर

—नाही, उचलू नकोस, व्हर्न, राहू दे काचेवर. दोन्ही राहू देत शेजारी शेजारी. अकरा शनिवार येतोय मी तुझ्या दुकानात, मान्य. तुझी कॉफी पितो आणि रिकाम्या हातानं जातो, तेही मान्य. पण आज ठरवणार. कार्बाइन नाही तर रायफल, एक काहीतरी. ठरवावंच लागणार, कारण नडीननं सांगितलंय — उद्या चर्चच्या वेळेपर्यंत हा विषय संपव, तर मी परत येते, नाही तर… नाही नाही, गेली कुठेच नाही. बायको सोडून गेली असं तुझ्या बायकोला सांगत सुटू नकोस. जवळच आहे. अगदी जवळ. ते राहू दे, मुद्द्यावर येऊ.

मुद्दा काय? घर राखायचं. कशानं राखायचं? कार्बाइन — पिस्तुलाचीच गोळी, फक्त नळी लांब, धक्का कमी, नडीनलासुद्धा झेपेल. रायफल — ती एकदा बोलली की समोरचा वाद घालत नाही. पण घराला भिंती असतात ना, व्हर्न! आणि आपल्याकडच्या भिंती म्हणजे काय? जिप्समचे दोन तक्ते आणि मधे हवा. मी स्वयंपाकघरात शिंकलो तर झोपायच्या खोलीतून ‘देव भलं करो’ असं ऐकू येतं. मग गोळी चोराला नाही लागली तर पुढे कुठवर जाईल? तू म्हणतोस, रायफलची जास्त जाईल. माझा मेहुणा डेल म्हणतो, उलट आहे — रायफलची हलकी गोळी भिंतीत कोलांट्या खाते आणि मोडते, कार्बाइनची जाडी गोळी मात्र सावकाश पुढे चालत राहते, निवडणुकीच्या प्रचाराला निघाल्यासारखी, घरटी एक भेट देत. आता कुणाचं खरं मानू? कुणाचंच नाही. मी स्वतः बघतो आणि वहीत लिहितो. माझी पद्धत आहे ती.

सगळे करतात तेच केलं. मागच्या कुरणात जिप्समचे चार तक्ते उभे केले, त्यांच्यामागे दुधाचा प्लास्टिकचा कॅन पाण्यानं भरून ठेवला. कॅन फुटला की माणूस गेला असं धरायचं. डेलकडून दोन्ही बंदुका मागून आणल्या. पण मग विचार केला, माझ्या घरात चार भिंती अशा रांगेत कुठे आहेत? मधे न्हाणीघर आहे, कपाट आहे, सासूबाईंचा पियानो आहे. म्हणून आपल्या घरातला बोळ जसाच्या तसा बांधला. सत्तावीस फूट. बोळ एकटा उभा राहीना, म्हणून त्याला झोपायच्या दोन खोल्या जोडल्या. खोल्या आल्या की खिडक्या आल्याच. पावसात जिप्सम भिजलं की निकाल बदलतो, म्हणून छप्पर. वॉलपेपर तर हवाच — हसतोस काय लेका, कागदालासुद्धा जाडी असते! पियानो काही दुसरा मिळेना, मग सरपणाचे ओंडके रचले त्या आकारात. पडदे नडीननं शिवले. हो, तिनंच. फार खुशीत होती तेव्हा, मला लिंबाचं सरबत आणून द्यायची कुरणात. तिला वाटलं, मी तिच्यासाठी शिवणाची खोली बांधतोय. मी खोटं नाही बोललो! तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मग कॅनवर नावं घातली. नावं नको का? नाही तर कळणार कसं कोण गेलं ते? नडीनचा कॅन पलंगावर, उशी देऊन, वर तिचीच जुनी गोधडी. सासूबाईंचा कॅन पलीकडच्या खोलीत, त्या राहायला येतात तेव्हा झोपतात तिथे. आणि सुरू केलं. कार्बाइन — बोळ, न्हाणीघर, कपाट, नडीन. रायफल — बोळ, न्हाणीघर, तिथे गोळीचे तुकडे झाले, मला वाटलं, डेल जिंकला — तर त्यातला एक तुकडा गेलाच पुढे. नडीन. गुडघ्यावर बसून मारली, नडीन. दाराच्या आडून मारली, नडीन. सासूबाईंना ओरखडासुद्धा नाही रे! ओंडक्यांच्या पियानोमागे आरामात. एकतीस गोळ्या, एकतीस वेळा नडीन. ही बघ वही — ‘नडीन, दुपारी चार दहा, वारा पश्चिमेचा, गोधडीला भोक.’ असं तारीखवार.

मग मला सुचलं, बंदूक कशाला बदलायची, पलंग हलवू! पलंग उत्तरेच्या भिंतीला लावला, आणि व्हर्न, वाचली! दोन्हींतून वाचली! मी धावत खऱ्या घरात गेलो, वही तिच्यापुढे टाकली, म्हटलं, ‘नडीन, जिंकलो, पलंग उत्तरेला न्यायचा.’ तिनं भांडी धुता धुता हात पुसले आणि वही पहिल्या पानापासून वाचली. सगळी. चाळीस मिनिटं. मी समोर उभा, शाळेत उभं केल्यासारखा. मग म्हणाली, ‘ऑरिन, यात चोर कुठाय?’

चोराचा कॅन ठेवायचा राहूनच गेला होता.

अरे, होतं असं! घाईत राहून जातं एखादं. मी म्हटलं, ‘चोर बोळात आहे असं धरायचं.’ ती म्हणाली, ‘बोळात तू होतास.’ म्हणाली, ‘एकोणीस वर्षांत आपल्या घरात कोण शिरलं, सांग.’ आता मार्चमध्ये स्वयंपाकघराचं दार उघडं सापडलं होतं आणि चेरीचा केक अर्धा खाल्लेला होता, हे मी तिला दहादा सांगितलंय. लोण्यात रॅकूनचे, त्या कचरा उचकणाऱ्या जनावराचे, पंजे उमटले होते, कबूल. पण रॅकूनला दार कुणी उघडून दिलं? याचं उत्तर तिच्याकडे नाही. तुझ्याकडे आहे? नाही ना!

मग तिनं बॅग भरली. मला वाटलं, आईकडे जाईल. तर मागच्या दारानं निघाली सरळ — कुरणातल्या घरात. हो, त्याच. तिथेच राहतेय आज नऊ दिवस. म्हणते, ‘इथे तुझं मला मारून झालंय, आता शांत झोप लागते.’ कॅन बाहेर काढले, पलंगावर नवी गोधडी घातली, खिडकीत झेरेनियमची कुंडीसुद्धा ठेवलीय. भोकांतून वारा येतो म्हणून त्यांत माझे मोजे कोंबलेत. मला जोडी सापडत नाही एकही.

तर आता प्रश्न बदललाय, आलं लक्षात? बंदूक माझ्यासाठी नकोच. तिच्यासाठी हवी. उघड्या कुरणात एकटी बाई, दाराला कुलूप नाही — मी कुलूप बसवलंच नव्हतं, गोळीला कुलुपाचं काय! तर तिला कुठली देऊ? धक्का कमी म्हणून कार्बाइन? की लांबचं टिपायला रायफल? माझ्या मागच्या दारापासून तिच्या दारापर्यंत एकशे चाळीस पावलं आहेत, मधे आडोसा काही नाही, नुसतं गवत. येणारा माणूस तिला पहिल्या पावलापासून दिसेल.

कोण येणारा म्हणजे? कुणीही. चोर काय नाव सांगून येतो? …बरं, पलीकडे तळं आहे. तिकडून कोणी येणार नाही. रस्ता आहे तो माझ्या घराच्या पुढून. …हो, म्हणजे माझ्याच मागच्या दारातून यावं लागेल. त्या वाटेनं मीच जातो रोज, सूप घेऊन. दुसरं कोण जाणार?

काल गेलो. दार वाजवलं. आतून म्हणाली, ‘कोण?’ म्हटलं, ‘मी आहे.’ खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मला वाटलं, उठली, उघडतेय. मी सूपचं झाकणसुद्धा काढलं, वाफ दिसावी म्हणून. पण ती खुर्ची सरकत आली आणि दाराला टेकली, व्हर्न. आतून.

…

नाही, काही नाही. तो बंदूक घ्यायचा फॉर्म दे इकडे, माझं नाव लिहिलंय त्यावर. फाडू दे. उचल या दोन्ही. उचल म्हणतो ना — आणि असा बघू नकोस माझ्याकडे. मागे गिऱ्हाईक खोळंबलंय तुझं, त्याला विचार काय हवंय ते.