श्रावणात चिमणीतून येणारा बांगडा

अगं, यंदाच्या श्रावणात सासूबाईंना वाटायचं, मी गुपचूप बांगडे तळून खाते! गॅस बंद, तरी रोज दुपारी आमच्या किचनमध्ये तोच वास. शेवटी मीच वैतागून चिमणीवाल्याला बोलावलं. त्याने पाइप काढून आत टॉर्च मारला.

"ताई, आतली झडप उघडीच अडकलीय. खालच्या मजल्यावरच्यांचा पाइपही याच शाफ्टमध्ये सोडलाय. त्यांचा वास वर येतो."

"खालच्या काकूंचा?" मी उडालेच. "अरे, त्याच तर अख्ख्या बिल्डिंगला श्रावण पाळायला सांगतात!"

"झडप बदलू? दहा मिनिटांचं काम आहे."

सासूबाई चिमणीखाली येऊन उभ्या राहिल्या. डोळे मिटून त्यांनी लांब श्वास घेतला.

"आता राहू दे रे," त्या म्हणाल्या. "श्रावण संपल्यावर ये."