उंबऱ्यापाशी थांबलेली साखळी

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, आणि मी मोजणी खात्यात साखळी ओढणारा, म्हंजे साहेबानं सावलीत उभं राहून आकडा लिहायचा आन् साखळीचं टोक धरून काट्याकुट्यातनं आम्ही पळायचं. आता लेकीकडं परदेशात, सेंगकांग म्हणून भाग हाये, तिथं आलोय, पंधराव्या मजल्यावर, काय सांगू ताई तुम्हाला, पहिल्याच दिवशी हॉल पावलांनी मोजला तर सुजाता हसली, बाबा तुम्ही रिटायर झालात ना म्हणाली.

सुजाता इथं युनिव्हर्सिटीत जुन्या नकाशांचं संशोधन करती. मलाक्का म्हणून गाव हाये, इथनं बसनं जायचं, तिथं पूर्वी डच लोकांचं राज्य व्हतं, त्यांनी घर न् घर मोजून नकाशा काढलेला, पण तो काही आजच्या जागेवर बसंना. तिचे सर म्हणाले, मोजणाराच आळशी, सोड हा नकाशा. दोन वर्षांचं काम पोरीचं! जेवंना, बोलंना, माझ्या जिवाला घोर लागला.

म्हटलं, दाव मला. तिनं फरशीवर नकाशा पसरला, जिथं माप चुकतंय तिथं लाल खुणा केलेल्या. बघतो तर रस्त्याची मापं बरोबर, घरांची रुंदी बरोबर, आन् लाल खुणा सगळ्या उंबऱ्याच्या आत, दारापासनं मागच्या भिंतीपर्यंतच्या लांबीत. ताई, मला आमच्या पाटलाचं अंगण आठवलं. मी नवा व्हतो, साखळी घेऊन आत निघालो तर पाटलाची म्हातारी आडवी आली, ह्या जातीचा माणूस आत यायचा न्हाई. साहेब म्हणाला असू दे रे, बाहेरनंच अंदाज घेऊ. तोच अंदाज कागदावर चढला.

हे पोरीला कधी सांगितलं नव्हतं, लाज वाटायची. त्या दिवशी सांगितलं. म्हटलं, पोरी, मोजणारा आळशी नव्हता, त्याच्या माणसाला आत येऊ दिलं नसंल.

ती रडली, मग कामाला लागली. जुनी दप्तरं धुंडाळली तर खरंच साखळी धरणारे गुलाम व्हते, आन् घरवाले त्यांना दारातनंच परत पाठवतात अशी मोजणीदाराची तक्रार सापडली. सर म्हणाले, आता हाच नकाशा घेऊन लिही.

मागल्या महिन्यात आम्ही मलाक्काला गेलो. लाल खुणेच्या एका घरात आता कॉफीचं दुकान हाये. मी उंबऱ्यापाशी थांबलो, सवयच ती. चिनी मालकीणबाईनं हातानं बोलावलं, या की आत. मग गेलो, एकेक पाऊल मोजत थेट मागच्या भिंतीपर्यंत, आन् भिंतीला हात लावला. सुजातानं वही उघडून आकडा विचारला. सांगितला, आन् म्हटलं, त्याच्यापुढं लिही पोरी, अंदाज न्हाई, आत जाऊन मोजलं.