आंब्याचं कॉब्लर

मलकापूरच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर नवं जोडपं होतं. तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला गरम डबा होता.

"अनेकांत, कॉब्लर म्हणजे काय, हे तुझ्या बाबांना कसं सांगू?"

"खाली शिजलेला आंबा, वर खुसखुशीत थर. अंडं न्हाय, हे आधी सांग."

"लग्नाला आलं न्हाईत, ते माझ्या हातचं खातील व्हय?"

"न्हाय खाल्लं तर माघारी यायचं, भैरवी."

"फोन वाजतोय. बाबांचाच हाय. उचल की!"

"हॅलो... व्हय, बसमधनंच बोलतोय... ती पण हाय. तुमच्यासाठी गोड करून आणलंय तिनं... बरं."

"काय म्हणाले?"

"घरी येऊ नका म्हणाले. काका बसल्यात घरात."

"मग उतरूया इथंच."

"थांब की. बाबा स्टँडवर येऊन थांबल्यात. चमचा घेऊन."