एका 'टेक'वरचं घर

प्रसूतिगृहाबाहेरच्या बाकावर शिंपीणबाई लेकीसाठी थांबल्या होत्या. शेजारच्या दोघी जावांचं बोलणं आपसूक कानावर पडत होतं.

"सून परदेशी, आणि तुला इंग्रजीचा गंध नाही. कसं निभावतेस गं?"

"एका 'टेक'वर अख्खं घर चालवते, जाऊबाई. टेक टी म्हटलं की ती चहा घेते, टेक बाथ म्हटलं की न्हाते, टेक बस म्हटलं की बसनं जाते, टेक रेस्ट म्हटलं की आडवी होते."

"आणि ती काय बोलते?"

"नुसती मान डोलावते. वर्ष झालं, मला हाक म्हणून मारली नाही."

दार उघडलं. नर्सनं सुनेला चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणलं. सासूबाई धडपडत उठल्या.

सुनेनं दुपट्यातलं बाळ पुढे केलं.

"टेक, आई."